ती बदलली, की तिला बदलवली?

भिशीवाली_वडगाव · शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, वर्षभर इथं नुसती वाचत होते. धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमची बारा जणींची भिशी आहे. आधी फक्त पैशांची होती. मग एकीनं टूम काढली, जिचा नंबर लागेल तिनं पोह्यांबरोबर एक पुस्तकही सुचवायचं. महिनाभरात सगळ्यांनी वाचायचं. जिला जमलं नाही तिनं दुसरीच्या तोंडून गोष्ट ऐकायची. चार महिन्यांत बंद पडेल असं माझ्या सासूबाईंचं भाकीत होतं. तीन वर्षं झाली, चाललंय.

आमच्यात दोन शिक्षिका, एक बँकेतली, एक शिवणकाम करणारी, बाकी घर सांभाळणाऱ्या. आणि एक मावशी. उभं आयुष्य मागावर गेलं. बेळगावातल्या वडगाव-शहापूरकडच्यांना हे वेगळं सांगायला नको, इथं गल्लीतून जाताना खटखट ऐकूच येते. मावशी कन्नड शाळेत चौथीपर्यंत, घरची भाषा मराठी, हिशेब तिसऱ्याच कुठल्या तरी भाषेत. त्या वाचत नाहीत, ऐकतात. सुपारी कातरत ऐकतात, त्यामुळं लक्ष आहे की नाही ते कळत नाही.

या महिन्यात हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ होती. गोष्ट सांगायची पाळी माझी. यमूचं माहेर, लग्न, सासरचा जाच, मग नवऱ्याबरोबर मुंबईला बिऱ्हाड, तिथं नवऱ्यानं लिहा-वाचायला शिकवणं, ते चार सुखाचे दिवस, मग त्याचं जाणं आणि शेवटी तिच्या मनाविरुद्ध केशवपन. सांगता सांगता माझाच गळा भरून आला. कॉलेजात पाठ केलेलं वाक्य आपोआप तोंडातून गेलं : “बघा, यमूच्या व्यक्तिरेखेचा केवढा विकास झालाय.”

मावशींचा अडकित्ता थांबला. “बदलली कुठं गे ती? तिला बदलवली की. नवऱ्यानं शिकिवली तवा शिकली, घरच्यांनी बोडकी केली तवा बोडकी झाली. तिनं काय केलं ते सांग.”

मला उत्तर आलं नाही. पोहे गार झाले.

तेव्हापासून आठवतील तेवढ्या नायिका मावशींच्या चाळणीतून घालतेय आणि बऱ्याच खाली पडतायत. लग्न झालं म्हणून पोक्त झाली, मूल झालं म्हणून समजूतदार झाली, नवरा गेला म्हणून कणखर झाली. प्रत्येक वेळी आधी काही तरी तिच्यावर येऊन आदळतं आणि मग ती वाकते किंवा ताठ होते. भिंतीला ओल आली म्हणून भिंत वाढली असं आपण म्हणत नाही!

तर विचारायचं ते हे. अशी कुठली बाई तुम्हाला कथा-कादंबरीत भेटली जी स्वतःहून बदलली? आणि कुठं बदलली? नुसतं पुस्तकाचं नाव नको, प्रसंग सांगा.

जाता जाता आपल्या गावचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, आणि तिचे लेखक बाबा पदमनजी जन्मले ते आपल्या बेळगावात, १८३१ साली. त्यांची नायिकाही यमुनाच. नवऱ्याबरोबर फिरते, गावोगावच्या विधवांचे हाल बघते, मग स्वतः विधवा होते. फरक एवढाच की ही यमुना पुढं ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ला झालेला. म्हणजे ३०-३५ वर्षं आधीची यमुना सुटली आणि नंतरची अडकली. पण आधीची सुटली ती लेखकाला धर्माचं म्हणणं मांडायचं होतं म्हणून. मावशींना ही गोष्ट अजून सांगितलेली नाही. काय म्हणतील ते दिसतंयच.

जांबोटी_घाट · शनिवार, रात्री १०.१५

धागा आवडला. पण यमूवर अन्याय होतोय असं वाटतं.

ती कादंबरी कोण सांगतंय? यमू स्वतः. आपटे आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९०पासून हे हप्त्याहप्त्यानं छापत होते. त्या काळात घरातल्या बाईनं ‘मी’ म्हणून सगळं बोलणं, सासरच्यांचं, नवऱ्याचं, स्वतःच्या डोक्यावरच्या केसांचं, हीच तिची करणी. नवऱ्यानं शिकवलं हे खरं, पण त्या अक्षरांचं काय करायचं हे तिचं तिनं ठरवलं. पत्रं लिहून थांबली असती तरी चाललं असतं. तिनं आयुष्य लिहून ठेवलं.

मावशींना एवढंच विचारा : जी बाई सगळं सोसून गप्प मेली आणि जी सोसून, लिहून मेली, त्या दोघी एकच काय?

भिशीवाली_वडगाव · शनिवार, रात्री १०.३२

विचारते. पण त्यांचं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय : “लिवलं कुणी, तिनं का त्या बाप्यानं?”

जांबोटी_घाट · शनिवार, रात्री १०.३५

😄 हरलो.

टिळकवाडी_४८ · रविवार, सकाळी ७.०५

निवृत्तीनंतर झोप कमी झाली आहे, त्यामुळे सकाळीच लिहितो.

भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’मधली कात्यायनी या चाळणीत नक्की टिकते. मूळ कन्नड कादंबरी १९६५ची. मराठीत ती आणली उमा विरूपाक्ष कुलकर्णी यांनी, त्याही मूळच्या आपल्या बेळगावच्या, आणि या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कात्यायनी तरुण विधवा. नंजनगूडला सासरे श्रीनिवास श्रोत्री यांच्या घरात राहते, पदरी लहान मुलगा. इथपर्यंत तिच्यावर सगळं आदळलेलंच. पण पुढं ती म्हैसूरला कॉलेजात जायचं ठरवते. रोज आगगाडीनं जाते-येते. तिथल्या प्राध्यापकाच्या प्रेमात पडते आणि मुलाला सासऱ्यांकडे ठेवून पुनर्विवाह करते. तिला कुणी ढकललेलं नाही. श्रोत्रींचं घर छळणारं नाही, सासरा देवमाणूस आहे. जाचातून पळून जाणं सोपं, चांगल्या घरातून उठून जाणं अवघड. भैरप्पांनी मुद्दाम अवघड वाट घेतली.

तिचा बदल कुठं, तर माझ्या मते त्या आगगाडीत. लग्नाचा निर्णय फार नंतरचा. घराचा उंबरा आणि कॉलेजचं फाटक यांच्यामधला जो तासाभराचा वेळ आहे त्यात ती कुणाचीच सून नाही, कुणाचीच आई नाही. बाई बदलायला असा कुणाचाच नसलेला वेळ लागतो. आमच्या कॉलेजात खानापूर, लोंढ्याकडून पॅसेंजरनं येणाऱ्या मुली असत. पहिल्या वर्षी खिडकीत गप्प बसणाऱ्या मुली तिसऱ्या वर्षी टीसीशी भांडताना मी पाहिल्या आहेत. त्यांना आम्ही वर्गात काय शिकवलं ते राहू द्या, गाडीनं बरंच शिकवलं.

हुक्केरी_हुडुगी · रविवार, सकाळी ८.२०

सर, कात्यायनी टिकते. पण पुढचं का सांगत नाही? दुसऱ्या लग्नानंतर तिचे गर्भ टिकत नाहीत, एकामागून एक. स्वतःचा मुलगा तिच्याच कॉलेजात विद्यार्थी म्हणून येतो आणि तिला आई म्हणत नाही. झुरून झुरून मरते. बाईनं आपल्या मनानं एक पाऊल टाकलं आणि लेखकानं व्याजासकट वसूल केलं. मला तर त्या चाळणीला दुसरी चाळणी लावावीशी वाटते : बदलल्यावर ती जिवंत राहिली का?

माझं शिक्षण सगळं कन्नडमधून, घरात मराठी. त्यामुळं ही कादंबरी मी कन्नडमध्ये वाचली, आणि माझ्याआधी आज्जीनं. आज्जीची प्रत लायब्ररीतली जुनी, शेवटची पानं गेलेली. कात्यायनी आजारी आहे इथपर्यंत तिनं वाचलं आणि पुस्तक परत केलं. पुढं कितीतरी वर्षं आज्जीच्या डोक्यात कात्यायनी बरी होऊन म्हैसूरला शिकवत होती. मी कॉलेजात असताना पूर्ण प्रत वाचली आणि रडत तिला शेवट सांगितला. आज्जी म्हणाली, “तुझं पुस्तक चुकीचं छापलंय.”

टिळकवाडी_४८ · रविवार, सकाळी ८.४१

आज्जींना नमस्कार सांगा.

तरीही भैरप्पांच्या बाजूनं एक. शिक्षा एकट्या कात्यायनीला नाही. ज्या वंशाच्या शुद्धतेसाठी श्रोत्री आयुष्य वेचतात, त्या वंशातल्या स्वतःच्या जन्माचं सत्य त्यांना उतारवयात कळतं आणि झाडच मुळातून हलतं. मग कात्यायनीनं नेमकं काय मोडलं, हा प्रश्न वाचकापुढं उरतो. लेखक तिला मारतो, पण दोषी ठरवत नाही.

हुक्केरी_हुडुगी · रविवार, सकाळी ८.५०

मेलेल्या बाईला निर्दोष ठरवून काय करायचं सर. 🙂

भावा_बेळगाव · रविवार, दुपारी १.१०

अक्का, धागा लई भारी. खरं एक सांगतो, सगळे जुन्या पुस्तकांवरच बोलालेत. आमच्या घरात आई रोज संध्याकाळी ‘आई कुठे काय करते’ बघायची. अरुंधती. लग्नाच्या पंचवीस वर्षांनी नवऱ्याचं लफडं कळतं, मग घर सोडते, स्वतःचं बघते. आईला विचारलं, ही बाई कुठं बदलली? आई म्हणाली, “बदललेली मी तीनदा बघितली, दर वेळी परत पहिल्यासारखी झाली.” टीआरपी घसरला की बाईला पुन्हा रडायला बसवतात, असं तिचं म्हणणं.

दुसरं. आपला लंपन! प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’पासूनची चार पुस्तकं. आपल्याकडची भाषा, आपलं गाव. त्यातली लंपनची मैत्रीण सुमी बदलते की नाही? लंपनला कळत नाही खरं आपल्याला कळतं.

जांबोटी_घाट · रविवार, दुपारी १.४०

भावा, सुमीचा मुद्दा बिनतोड. ती आपल्याला लंपनच्या डोळ्यांनीच दिसते आणि लंपनला तर स्वतःच्याच पोटात काय होतंय ते समजत नाही. ती मोठी होतेय हे लेखक एकदाही सांगत नाहीत. मुलगा अजून गोट्यांत असतो आणि मुलगी एक पाऊल पुढं गेलेली असते, एवढंच आपल्याला जाणवत राहतं. शाळेत आपल्या सगळ्यांचं तेच झालंय. सातवीच्या सुट्टीनंतर वर्गातल्या मुली परत आल्या त्या वेगळ्याच कुणी तरी होत्या.

मोठ्या बाईचा बदल लहान मुलाच्या नजरेतून दाखवायचा, हे आपल्याकडचे लेखक झकास करतात. जी. ए. कुलकर्णींच्या ‘कैरी’ कथेतली तानीमावशी आठवा. जी.ए. जन्मानं एकसंब्याचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. त्यांच्या बायका सहसा सुटत नाहीत, पण त्यांची सहनशक्ती कुठं संपली ती जागा ते नेमकी दाखवतात.

नुसता_वाचक · रविवार, दुपारी ३.००

थोडा वेगळा सूर लावतो. बायकांच्याच व्यक्तिरेखांना ही चाळणी का? पुरुषही घटनांनीच बदलतात. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तले माधवराव पेशवे कशानं बदलतात? गादी अंगावर पडते, काका उलटतो, क्षय लागतो. सगळं आदळणंच. आणि त्याच कादंबरीतली त्यांची बायको रमा बघा, किती सुंदर उमलते. देसाईंचं कोवाड आपल्यापासून असं किती लांब? त्यांनी रमेला ज्या मायेनं रंगवलंय तसं आज कुणी लिहीत नाही. प्रत्येक नायिकेनं बंडच केलं पाहिजे का?

भिशीवाली_वडगाव · रविवार, दुपारी ३.४५

तुमचा प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. माधवरावांवर संकटं आदळतात, पण प्रत्येक संकटानंतर काय करायचं ते ठरवतात ते स्वतः. मोहिमेवर जायचं, काकांना नजरकैदेत ठेवायचं. रमेच्या वाट्याला ठरवण्यासारखं काय आलं? एकच गोष्ट, थेऊरला सती जाणं. इतिहासच तसा आहे, देसाई काय करणार. रमा मलाही आवडते, दहावीत मी ती पानं वाचून रडले होते. पण उमलते म्हणताना आपण फूल म्हणतोय, आणि फुलाला विचारत नाहीत.

बंड कुणी मागितलंय? मावशींनी फक्त “तिनं काय केलं” विचारलं. नाही म्हणणंही करणंच आहे, आणि विचार करून हो म्हणणंही.

नुसता_वाचक · रविवार, दुपारी ४.०२

फूल वगैरे ठीक. पण नायिकेला निर्णय दिला की तिचा विकास झाला, हेही एक नवं सूत्रच झालं. उद्धव शेळक्यांची ‘धग’ वाचलीत? कौतिक पहिल्या पानापासून निर्णयच घेतेय. नवरा कामाचा नाही, ती राबते, घर ओढते, मुलाच्या शिक्षणाची स्वप्नं बघते. ढकलावं लागत नाही अशी बाई. आणि शेवटी तिचं डोकं फिरतं. हिला कुठल्या चाळणीत घालणार?

भिशीवाली_वडगाव · रविवार, दुपारी ४.३०

हे वाचून गप्प बसले थोडा वेळ. खरं आहे. कौतिक वाढत नाही, झिजते. आणि झिजणं हाही बदलच, तोही तिनं राबून स्वतः ओढवून घेतलेला. आमच्या मावशींच्या हाताला धोटा धरून जे घट्टे पडलेत त्याला कुणी विकास म्हणणार नाही, पण तो हात पहिल्यासारखा राहिलेला नाही. चाळणीत बसत नाही ही बाई. तुमचा गुण कबूल.

हुक्केरी_हुडुगी · रविवार, संध्याकाळी ६.१५

मी यमूला एक जोड सुचवते. एम. के. इंदिरा यांची ‘फणियम्मा’, कन्नड, १९७६. फणियम्मा लहानपणीच विधवा होते, पुढं केशवपन, आलवण, एक वेळचं जेवण. यमूसारखंच सगळं. पण यमू लवकर जाते आणि फणियम्मा खूप जगते. म्हातारी होईपर्यंत जगते. वर्षानुवर्षं घरात, गावात बघत राहते, बाळंतपणं करते, कुणाचं काय चाललंय ते तिला ठाऊक असतं. आणि म्हातारपणी, घरातली एक तरुण विधवा केस काढायला साफ नकार देते तेव्हा सगळं सोवळं पाळत आलेली ही बाई त्या पोरीच्या बाजूनं उभी राहते.

स्वतःचं काही बदलत नाही. तिचे केस परत येणार नाहीत, येऊन उपयोग नाही. पण पुढचीच्या डोक्याला वस्तरा लागू देत नाही. मला वाटतं आपण नायिकेचा बदल तिच्याच आयुष्यात शोधतो तिथं चुकतो.

आणि तिला बदलायला काय लागलं? वय लागलं. आपल्या बहुतेक नायिका पंचविशीत मरतात किंवा सुखी होतात. बाईला साठ-सत्तर वर्षांची होऊ देणाऱ्या कादंबऱ्या किती?

भावा_बेळगाव · रविवार, संध्याकाळी ६.२०

अक्का हे मराठीत आहे काय? कन्नड बोलतो फाडफाड खरं वाचायला लागलो की दुकानाच्या पाट्यांपुढं गाडी जात नाही. 😅

टिळकवाडी_४८ · रविवार, रात्री ८.१०

फणियम्मा हा फार चांगला दाखला. त्याला धरून आणखी एक जोडी. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ची. पुढं १९७४चा ज्ञानपीठ त्यांना मिळाला. तीत देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात, राजाच्या बरोबरीनं. त्यानंतर दोनेक वर्षांत तरुण गिरीश कर्नाडांचं पहिलं नाटक आलं, कन्नडमध्ये, तेही ‘ययाति’च. एकाच कथेकडे सीमेच्या दोन बाजूंनी दोघे जवळजवळ एकाच वेळी गेले. कर्नाडांनी तिथं एक बाई घातली जिला महाभारतात जागा नव्हती, पुरूची बायको चित्रलेखा. बापाला तारुण्य देऊन पुरू म्हातारा होतो, सगळे त्याच्या त्यागाचे गोडवे गातात. त्या त्यागात माझं काय, हे विचारणारी ती एकटी. पण तीही विष घेते, त्यामुळे हुडुगी यांच्या दुसऱ्या चाळणीत अडकणार.

त्यांच्याच ‘नागमंडल’मधली राणी मात्र दोन्ही चाळण्यांत टिकते. नवऱ्यानं घरात कोंडलेली भाबडी मुलगी. रात्री नवऱ्याच्या रूपात नाग येतो. दिवसा एक नवरा, रात्री दुसरा, आणि विचारायची सोय नाही. पंचांपुढं दिव्य करायची वेळ येते तेव्हा ती नागाला हात घालून अक्षरशः खरं तेच बोलते, आणि ते खरं कुणालाच समजत नाही. लोक तिला देवी करून टाकतात. आणि शेवटी ती त्या नागाला आपल्या केसांत राहायला जागा देते. कळलंय तिला सगळं. पण कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे आता ती ठरवते.

भिशीवाली_वडगाव · रविवार, रात्री ९.००

सर, ‘कुणाला सांगायचं’ वरून माझ्या डोक्यात कविता महाजनांची ‘ब्र’ आली, २००५ची. प्रफुल्ला संसारातून बाहेर पडून संस्थेत काम करायला लागते, आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत हिंडते. मला त्यातली तिची स्वतःची गोष्ट थोडी कमी भावली, खरं सांगायचं तर. पण ज्या बायका तिला भेटतात त्या! सही कुठं करायची विचारणाऱ्या, मग सही कशावर करायची विचारणाऱ्या. नावातच सगळं आहे. ब्र काढायचा नाही असं आपल्याला लहानपणापासून सांगतात, आणि बदल तिथंच सुरू होतो, एका अक्षरात.

म्हणून मी आता पुस्तक वाचताना एक खेळ करते. बाईचं पहिल्या पन्नास पानांतलं एक वाक्य आणि शेवटच्या पन्नास पानांतलं एक वाक्य वहीत शेजारी शेजारी लिहिते. नावं झाकून नवऱ्याला विचारते, एकीचीच आहेत का? तो ओळखू शकला नाही तर बाई बदलली.

निपाणीची_सून · रविवार, रात्री ९.५०

दोन दिवस वाचतेय, बोलायचं धाडस होत नव्हतं. मी कथा लिहितेय. पहिलीच. कडोलीच्या साहित्य संमेलनाला मैत्रिणीबरोबर गेले होते, तिथून डोक्यात शिरलं.

नायिका बिड्या वळणारी. निपाणीत राहून दुसरं काय लिहिणार. हजार बिड्यांचा हिशेब, सूप, कात्री, पत्र्याचा फर्मा, दोरा, हे सगळं मी रोज शेजारच्या अंगणात बघते. कारखान्यात माल द्यायला गेलं की तपासणारा मुठीनं बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो. त्यांची मजुरी नाही, आणि त्या बिड्या परतही देत नाही. माझी बाई पहिल्या भागात हे मुकाट सोसते. चौथ्या भागात मुकादमासमोर उभी राहून दीड पान बोलते, हक्क, घाम, पिळवणूक सगळं. नवऱ्यानं वाचून विचारलं, “ही काल रात्री कुठला क्लास लावून आली?”

तेव्हापासून कथा अडकलीय. काय करू?

जांबोटी_घाट · रविवार, रात्री १०.०५

भाषण काढा. नवऱ्याला चहा पाजा, माणूस कामाचा आहे.

पहिला आणि चौथा भाग आहे, मधल्या दोनांत काय घडतं?

निपाणीची_सून · रविवार, रात्री १०.१०

मुलाचं आजारपण आणि नवऱ्याची दारू.

भिशीवाली_वडगाव · रविवार, रात्री १०.२५

म्हणजे पुन्हा तिच्यावर आदळणंच. ते असू दे, पण मधे तिनं स्वतः काय शिकलं ते दाखवा. एक विचारू? तिला मोजता येतं का?

आमच्या मावशी सांगतात, मालक ताग्याचे किती वार सांगेल तेवढेच खरे, कारण यांना मोजणी येत नव्हती. मग थोरल्या मुलीच्या पट्टीनं रात्री गुपचूप मोजायला शिकल्या. मोजलं तर दर ताग्याला मालकाचा आकडा कमी. तरी सहा महिने बोलल्या नाहीत, नुसत्या मोजत राहिल्या. पण त्या सहा महिन्यांत चालणं बदललं, असं त्या स्वतःच हसत सांगतात.

तुमच्या बाईला पंचवीसचा कट्टा बांधता येतो, पण शंभरात छाट किती गेली ते सांगता येतं का? दुसऱ्या भागात येत नाही आणि तिसऱ्यात यायला लागतं, एवढं केलंत तर चौथ्यात तिला दीड पान बोलायची गरजच पडणार नाही. एक आकडा बोलली तरी पुरे.

हुक्केरी_हुडुगी · रविवार, रात्री १०.३०

आकडा बोलली आणि तपासणाऱ्याचा हात थांबला. बस्स.

टिळकवाडी_४८ · सोमवार, सकाळी ६.५०

आणि आकडा ती चुकीचा बोलली तर? दोनानं चुकलेला. तो हसेल, दुरुस्त करायला जाईल आणि त्या नादात त्यालाही मोजावं लागेल. बघा जमतंय का.

निपाणीची_सून · मंगळवार, रात्री ११.१५

सर, दोनानं चुकलेला आकडा घेतला! आभार.

भाषण गेलं. आता ती आकडा सांगते, तपासणारा हसत हसत मोजतो, आणि ती छाटेच्या बिड्या त्याच्यासमोरून ओढून घेते. “मला तुला विकायच्या नाहीत,” म्हणत तिथंच पायाखाली तुडवते आणि निघून जाते. लिहिताना माझेच हात थरथरत होते.

आज दुपारी शेजारच्या काकूंना वाचून दाखवली. त्यांची तीस वर्षं बिड्यांत गेली. सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि शेवटाला म्हणाल्या, “तुडवंल कशाला ती येडी? पान कमी पडलं तर पैसे कुणाचे कापतात? पदरात घालून घरला नेईल, सोडवून पान एकीकडं तंबाखू एकीकडं करंल आणि उद्याच्या हजारात वळंल. तुझी बाई बिड्या वळायची का नाटकात काम करायची?”

माझा शेवट गेला.

भावा_बेळगाव · मंगळवार, रात्री ११.२०

काकू जबरदस्त 🙏

भिशीवाली_वडगाव · मंगळवार, रात्री ११.३१

शेवट गेला कुठं, आत्ता आला. त्याच छाटेच्या पानांची बिडी दुसऱ्या दिवशी तोच तपासणारा पास करतो, असं लिहा की. आणि काकूंना विचारलंत का, त्यांनी स्वतः त्या काळी काय केलं होतं?

निपाणीची_सून · बुधवार, सकाळी ९.०५

विचारलं. म्हणाल्या, “ते तुझ्या कथेत घालू नको. त्याचा ल्योक अजून आपल्याच गल्लीत राहतोय.”